‘दान’, ‘देणगी’ की ‘भेट’? देवाच्या आणि माणसाच्या देण्यासाठी शब्द

नाताळात एकमेकांना वस्तू देताना ख्रिस्ती माणसाने देवाच्या उदार देण्याचा कित्ता गिरवावा, अशा आशयाचा लेख लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, देव माणसाला देतो ते आणि माणूस माणसाला देतो ते, या दोहोंना शोभेल असा एकच मराठी शब्द कोणता. ‘देवाची देणगी, आपली देणगी’ असे शीर्षक त्यांनी योजले होते. पण ते वाचून एका स्नेह्यांना लेख निधिसंकलनाविषयी असावा असे वाटले, दुसऱ्यांनी ‘दान’ हा शब्द सुचवला आणि तिसऱ्यांनी ‘देवाचे देणे’. माझे मत आधीच सांगतो : दोन्हींकडे सारखे बसेल असे नाम मराठीत मिळत नाही. कित्ता गिरवायचा आहे तो देण्याच्या रीतीचा, आणि रीत सांगण्याचे काम भाषेत नामापेक्षा क्रियाविशेषण अधिक चांगले करते. तरीही प्रत्येक नामाची चाल पाहिल्याशिवाय हे पटणार नाही.

स्नेह्यांना ‘देणगी’ शब्दात पावतीपुस्तक दिसले यात त्यांची चूक नाही. आजच्या व्यवहारात देणगी म्हटली की संस्था, देणगीदार आणि रक्कम हे तिन्ही पाठोपाठ येतात. शब्दाचा दुसरा अर्थही जिवंत आहे : ‘तिला गळ्याची देणगी आहे’ असे आपण म्हणतो, मात्र तेथे ही देणगी दिली कोणी, हा प्रश्न बोलणाऱ्याच्या मनात क्वचितच असतो. मराठी बायबलमध्ये हा शब्द या दोन्ही अर्थांच्या पलीकडे, थेट देवाच्या देण्यासाठी येतो. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतराव्या वचनात ‘प्रत्येक उत्तम देणगी व प्रत्येक पूर्ण दान’ वरून, ज्योतिमंडळाच्या पित्यापासून येते असे म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्येही तेथे दोन निरनिराळे शब्द आहेत, ‘दोसिस’ आणि ‘दोरेमा’. ग्रीकमध्ये ‘-सिस’ हा प्रत्यय बहुधा क्रिया दाखवतो आणि ‘-मा’ हा त्या क्रियेतून निष्पन्न झालेली वस्तू. प्रत्यक्ष वापरात हा भेद काटेकोर राहतोच असे नाही, पण येथे तो धरला तर देण्याची क्रिया आणि दिलेली वस्तू अशी दोन्ही वरूनच येतात, असा अर्थ लागतो. मराठी भाषांतराने दोन शब्द राखले, तो भेद मात्र ‘देणगी’ आणि ‘दान’ या जोडीत उतरत नाही.

‘दान’ हा शब्द ‘दा’ या धातूपासून आला आहे, आणि ग्रीक ‘दोरोन’ व लॅटिन ‘दोनुम्’ हे त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने याहून योग्य शब्द सापडणार नाही. अडचण आहे ती शब्दाच्या उतारात. दान वरून खाली जाते. देणारा उभा असतो आणि घेणारा पदर पसरतो. भावाला पुस्तक देऊन ‘मी त्याला पुस्तक दान केले’ असे म्हटले, तर भावाने रागवावे हेच स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘दान’ शब्दाला मराठी कानात ‘सत्पात्री’ हे विशेषण जवळजवळ चिकटलेलेच आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना ‘दीयतेऽनुपकारिणे’, म्हणजे जो उलट उपकार करू शकणार नाही त्याला दिलेले, असे म्हटले आहे, आणि त्याच श्लोकात देश, काल व पात्र पाहून द्यावे असेही म्हटले आहे. पहिल्या अटीशी ख्रिस्ती वाचकाचे लगेच जुळते, कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की, जे तुम्हांला उलट बोलावतील त्यांना जेवणाला बोलावू नका, ज्यांच्याजवळ फेडायला काही नाही त्यांना बोलावा. वाटा फुटतात त्या ‘पात्र’ या शब्दापाशी. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे येशूचा प्रेषित पौल रोममधील ख्रिस्ती लोकांना, म्हणजे रोमकरांना, लिहितो, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात देवाचा सूर्य चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच उगवतो. पात्रता पाहून दिले असते तर या देण्याचे ख्रिस्ती वैशिष्ट्यच उरले नसते. म्हणून नुसते ‘दान’ लिहिले तर वाचक नकळत पात्रतेचा हिशेब मनात घेऊन पुढे वाचतो, अशी मला भीती वाटते.

भाषांतरकारांनाही हे जाणवले असावे, कारण कृपेने दिलेले या अर्थाच्या ग्रीक ‘खारिस्मा’साठी त्यांनी ‘कृपादान’ हा सामासिक शब्द घेतला. रोमकरांस पत्रातील ‘पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान’ ख्रिस्त येशूमध्ये सार्वकालिक जीवन आहे, या वचनात त्या शब्दाचे सारे बळ समोरच्या ‘वेतन’ शब्दामुळे प्रकट होते. तेथील ग्रीक शब्द शिपायाला मिळणाऱ्या शिध्या-पगाराचा आहे. तो कमावलेला असतो आणि हक्काने मागता येतो. कृपादान मागण्याचा हक्क कोणालाच नसतो. हा समास चर्चच्या भाषेत घडलेला कृत्रिम शब्द आहे असे काहींना वाटते, पण त्याची घडण मराठीत फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस मागितलेल्या ‘पसायदान’ या शब्दातील ‘पसाय’ म्हणजे ‘प्रसाद’, म्हणजेच कृपा. सातशेहून अधिक वर्षे मराठी माणूस कृपेचे दान हा शब्दबंध उच्चारत आला आहे. फक्त आपण तो फोडून पाहत नाही.

मग माणसाच्या भेटीला कृपादान म्हणावे काय? म्हणू नये, पण याचे कारण सांगताना एक गुंता मान्य करावा लागतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत पौल यरुशलेममधील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी लिहितो, आणि तेथे ‘खारिस’ हा एकच शब्द तो तीन कामांना लावतो : मासेदोनियातील मंडळ्यांवर झालेली देवाची कृपा, करिंथकरांनी द्यायची ती वर्गणी, आणि शेवटी देवाचे मानलेले आभार. म्हणजे प्रश्नकर्ते जो सर्वसमावेशक शब्द शोधत आहेत तो ग्रीकमध्ये होता! मराठीत ‘कृपा’ हा शब्द इतका लवचीक नाही. ‘मी तुमच्यावर कृपा करून हे पुस्तक देत आहे’ हे वाक्य उच्चारून पाहावे. देणारा तत्काळ सिंहासनावर जाऊन बसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र वाट दाखवणारा एक शब्द आहे. ज्यांना कृपादान मिळाले आहे त्यांनी देवाच्या कृपेचे ‘कारभारी’ म्हणून ते एकमेकांसाठी वापरावे, असे तेथे सांगितले आहे. कारभारी देतो तेव्हा माल धन्याचा असतो, म्हणून त्याला मिरवता येत नाही आणि अडवूनही ठेवता येत नाही. तुमच्या लेखात माणसाच्या बाजूने एखादे नाम हवेच असेल, तर वस्तूला नाव देण्यापेक्षा देणाऱ्याला ‘कारभारी’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

बाकीचे शब्द लवकर बाजूला काढता येतात. ‘वरदान’ मागावे लागते आणि बहुधा तपश्चर्येने मिळवावे लागते. ‘बक्षीस’ स्पर्धेतल्या यशामागून किंवा वरिष्ठाच्या मर्जीमागून येते. ‘नजराणा’ आणि ‘अर्पण’ उलट दिशेचे आहेत, खालून वर जाणारे. पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांनी बाळ येशूपुढे ठेवलेल्या सोने, ऊद व गंधरस यांना ते शोभतील, शेजाऱ्याला दिलेल्या वस्तूला शोभणार नाहीत.

उरतो ‘भेट’, आणि हा शब्द मला सर्वांत जास्त आवडतो, कारण तो सपाट जमिनीवर चालतो. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. शिवाय त्याचे दोन्ही अर्थ आजही जागे आहेत : समोरासमोर येणे आणि त्या वेळी हातात ठेवलेली वस्तू. ‘देवाने जगाला भेट दिली’ हे वाक्य व्याकरणाने दुहेरी आहे. देव जगात येऊन गेला असाही त्याचा अर्थ होतो आणि देवाने जगाला काही दिले असाही. येशूच्या जन्माविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेत हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत, कारण तेथे येणारा आणि दिला गेलेला एकच आहे. लूकच्या पहिल्या अध्यायात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या याच्या स्तोत्रातही देवाने आपल्या लोकांची भेट घेतल्याचा उल्लेख आहे. अर्थात एका भाषेतल्या श्लेषावर धर्मसिद्धान्त उभारू नये, आणि येथील ग्रीक क्रियापदात वस्तू देण्याचा अर्थ नाही, हेही लक्षात ठेवावे. परंतु दुसऱ्याला वस्तू पाठवून स्वतः न गेलेल्या माणसाची भेट अर्धीच पोचली, हे सांगायला मराठी लेखकाला दुसऱ्या कोणत्याही युक्तिवादाची गरज पडत नाही.

आता क्रियाविशेषणांकडे येतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन देवाच्या देण्याविषयीचे सर्वांत परिचित वचन आहे, आणि त्यात दान, देणगी, भेट यांपैकी एकही नाम नाही. ‘आपला एकुलता एक पुत्र दिला’ एवढे साधे क्रियापद आहे. देव कसा देतो हे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्याच वचनात सांगतो : ‘हाप्लोस’, आणि दोष न लावता. ‘हाप्लोस’ या शब्दात घडी न घातलेला, सरळ, एकाच हेतूचा असा भाव आहे, आणि त्यातूनच सढळपणाचा अर्थ निघतो. मराठी ‘उदारपणे’ बरोबर आहे, पण ‘हातचे न राखता’ हा आपला वाक्प्रचार त्या सरळपणाच्या अधिक जवळ जातो. ‘दोष न लावता’ याविषयी मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. तेथील ग्रीक क्रियापद टोचून बोलण्याचे आहे. देऊन झाल्यावर ते दिल्याचे ऐकवणे, ही जी आपल्या ओळखीची खोड आहे, तिचा निषेध त्यात आहे. मराठीत यासाठी ‘उपकार बोलून न दाखवता’ हा तयार प्रयोग आहे, आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचे तर ‘मिंधे न करता’. इतका बोचरा आणि इतका अचूक शब्द असताना आपण गुळगुळीत विशेषणे का वापरावीत, हे मला कळत नाही. पौलाच्या ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ या वाक्यातही देणगीचे माप नाही, देणाऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन आहे.

याच ओघात ‘परतफेड’ हा शब्द लेखातून काढून टाकावा असे सुचवतो. मराठीत आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, उपकार फेडतो. जे फेडायचे असते ते ऋण असते. भेटीच्या बदल्यात दिलेल्या भेटीला परतफेड म्हटले की पहिली भेट मागाहून कर्ज ठरते, आणि कृपादान व वेतन यांत पौलाने दाखवलेला फरक एका शब्दाने पुसला जातो.

‘देवाचे देणे’ ही तिसऱ्या स्नेह्यांची सूचना आकर्षक आहे, पण जपून वापरावी. ‘देणे’ हे मराठीत क्रियापद आहे तसेच ऋण या अर्थाचे नामही आहे. ‘अजून दुकानदाराचे देणे आहे’ म्हणजे दुकानदाराने काही दिलेले नसून आपण त्याला द्यायचे आहे. त्यामुळे ‘देवाचे देणे’ याचा अर्थ देव देतो ते असाही होईल आणि देवाला द्यायचे राहिले आहे ते असाही. लेख दुसऱ्या विषयावर असता तर हा श्लेष मी आनंदाने ठेवला असता. शीर्षकासाठी ‘देव देतो तसे देणे’ हे चालेल : त्यात क्रियापद दोन्हीकडे सारखे राहते, ‘तसे’ हा शब्द रीतीकडे बोट दाखवतो आणि ऋणाच्या अर्थाला जागा उरत नाही. लेखाच्या अंगात देवासाठी ‘कृपादान’ आणि माणसांसाठी ‘भेट’ असे वाटून घ्यावे. ‘भेटवस्तू’ मात्र खरोखर वस्तूंविषयी बोलायचे असेल तेथेच वापरावा, कारण त्या समासात येणारा माणूस गळून पडतो आणि नुसती वस्तू शिल्लक राहते.