‘शॅबी’चं मूळ कातडीत

‘शॅबी’ म्हणजे मळकट की फाटका, आणि हा शब्द संस्कृत ‘शबल’वरून आला का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

‘शबल’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, चित्रविचित्र रंगांचा. उच्चार जवळचा वाटतो, पण तो योगायोग. ‘शॅबी’ आला ‘शॅब’ या जुन्या इंग्रजी नामावरून, आणि शॅब म्हणजे खपली, खरूज. जखमेवरच्या खपलीला इंग्रजीत आज ‘स्कॅब’ म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीत तो ‘स्क’च राहिला. म्हणून शर्ट आणि स्कर्ट ही जोडीही एकाच मुळातली! म्हणजे ज्या ‘श’मुळे ‘शबल’ आठवतो, तो ‘श’ मुळात नव्हताच. लॅटिनमध्ये ‘स्काबेरे’ म्हणजे खाजवणं. ‘स्केबीज’ हे खरजेचं डॉक्टरी नाव त्यातूनच आलं.

खपल्या धरलेल्या कातडीसारखा दिसणारा तो शॅबी. सतराव्या शतकात हा शब्द झिजक्या कपड्यांना आणि ते घालणाऱ्यालाही लागू झाला, आणि तिथून वागणुकीवर गेला. पाहुण्याला ‘शॅबी’ वागणूक दिली म्हणजे कोतेपणा केला, त्याचा मान ठेवला नाही. ‘नॉट टू शॅबी’ मात्र शाबासकी आहे: ‘बरं जमलंय की!’

आता मळकट की फाटका? माझ्या मते दोन्ही नेमके नाहीत. आत्ताच धुऊन इस्त्री केलेला सदराही शॅबी असू शकतो: कॉलर विरलेली, रंग विटलेला, कोपरावर कापड पातळ झालेलं. त्याला मी ‘विटका’ किंवा ‘जुनापुराणा’ म्हणेन. घराच्या भिंतींना ‘कळकट’ चालेल. ‘गबाळा’ मात्र इथे नको. गबाळा माणूस नव्या कपड्यांतही गबाळाच दिसतो. तिथे इंग्रजीत ‘स्क्रफी’ बसतो.

आणि गंमत बघा, स्क्रफीही कातडीतूनच आला. ‘स्कर्फ’ म्हणजे डोक्यातला कोंडा. त्यातल्या ‘र’ने जागा बदलली आणि ‘स्क्रफ’ झाला. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ आणि ‘चिकटवणे’चं ‘चिटकवणे’ होतं, तसाच हा वर्णविपर्यय.