डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे, ते आधी बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. बार्शीत लाकडी घाणा आहे, करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढता, गावात खप बरा आहे, पण पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं थेट मिळावीत म्हणून ब्लॉग काढायचाय. एका एजन्सीनं पॅकेज दिलंय : डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता, अमुक डॉट कॉम), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), महिन्याला १२ लेख, तुम्ही काहीच करायचं नाही. आणि तुमचा प्रश्न आहे की लेखांचे विषय कुठले द्यावेत.

विषयांचं सांगतो, पण मागाहून. 'तुम्ही काहीच करायचं नाही' हे वाक्य मी २०१६ साली शब्दशः ऐकलंय. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. दलालाकडे माल टाकून कंटाळलो होतो, थेट विकायचं होतं. ब्लॉग म्हणजे काय, वर्डप्रेस घ्यावं की ब्लॉगर, यात जात नाही, ते आठवडाभरात कुणालाही जमतं.

तर त्या एजन्सीनं आमच्या बागेच्या नावाचं डॉट कॉम घेतलं. छान दिसत होतं. पैसे आम्ही दरवर्षी देत होतो, पावत्या आहेत अजून. पण नोंदणी त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या खात्यात. मला तेव्हा वाटायचं की पैसे मी भरले म्हणजे नाव माझं. ताई, तसं नसतं. डोमेनच्या दुनियेत पावतीला किंमत नाही, नोंदणीत मालक म्हणून कोण लागलंय आणि खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, त्याला आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशी मार्केटची घडी विस्कटली आणि आमच्याकडच्या पुष्कळ बागायतदारांनी थेट सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या. त्या हंगामात आम्हाला ब्लॉगनं तारलं. चार वर्षांचे सत्तरेक लेख होते, लोक गूगलवर शोधत यायचे, वाचून फोन करायचे. हुरूप आला. पुढच्या हंगामासाठी ८०० पेट्या छापायला टाकल्या, त्यावर मोठ्या अक्षरात ब्लॉगचा पत्ता.

डिसेंबरात साइट बंद पडली. एजन्सीला फोन केला, 'सर्व्हरचं काम चालू आहे, दोन दिवसांत होईल.' दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. जानेवारीत फोनच लागेना. आणि मी काय केलं? पेट्यांची ऑर्डर थांबवली नाही. छापणाऱ्यानं विचारलं होतं, 'पत्ता बरोबर आहे ना?' मी हो म्हटलं.

खरा प्रकार असा होता की नोव्हेंबरअखेर डोमेनची मुदत संपली होती. नियमाप्रमाणे मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी अशा दोन सूचना जातात, आणि संपल्यावर आणखी एक. तिन्ही गेल्याच असतील, एजन्सीच्या ईमेलवर. डॉट कॉमचं नाव मुदत संपली की लगेच जात नाही. आधी नूतनीकरणाची सवलत असते, ती कंपनीगणिक कमी-जास्त, फार तर ४५ दिवस. मग ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे, तेव्हा नाव परत मिळतं पण जबर जादा फी भरून. मग ५ दिवस नाव पुसलं जायच्या रांगेत, तेव्हा काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर कुणीही घ्यावं. म्हणजे जानेवारीत मी जागा झालो तेव्हा नाव अजून वाचवता आलं असतं. पैसे भरायची तयारी होती. पण भरायचे कुठे? ज्या कंपनीकडे नोंदणी होती तिला लिहिलं. उत्तर आलं : नोंदणीकृत ईमेलवरून विनंती करा. मी पावत्या जोडल्या, आधार जोडलं, सातबाराही जोडला (हसू नका, बागेचं नाव सिद्ध करायचं म्हणून). परत तेच उत्तर, पुढच्या तक्रार-क्रमांकासह. एकूण अकरा तक्रार-क्रमांक जमले माझ्याकडे. एकदाही माणूस बोलला नाही. आणि वाईट याचं वाटतं की त्यांचं नियमानं बरोबर होतं. उद्या कुणीही पावती दाखवून तुमचं नाव मागितलं तर त्यांनी द्यावं का?

एका सरकारी कचेरीतही जाऊन आलो, कुठली ते सांगत नाही. दोन खेपा मारल्यावर 'हा तुमचा आपसातला व्यवहार आहे' असं ऐकून आलो. वकिलानं सांगितलं की डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी असे तंटा सोडवायचे मार्ग आहेत, पण दोन्हीकडे त्या नावावर तुमचा ट्रेडमार्क किंवा तसा हक्क दाखवावा लागतो. आमच्याकडे ट्रेडमार्क नव्हता. मी वकील नाही, तुमची केस आलीच तर स्वतंत्र सल्ला घ्या.

फेब्रुवारीच्या मध्यात नाव सुटलं आणि कुणीतरी उचललं. मार्चच्या शेवटी पहिल्या पेट्या ठाण्याला गेल्या आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, 'काका, पेटीवरचा पत्ता टाकला तर जुगाराची साइट उघडते हो.' त्यानंतर चार रात्री मी, भाऊ आणि पुतण्या खळ्यात बसून उरलेल्या पेट्यांवरचा पत्ता काळ्या मार्करनं पुसत होतो. अठरा मार्कर संपले.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण, तुमच्या पोस्टमध्ये खाली एक ओळ आहे : 'लेबलं छापायला द्यायची आहेत, त्यावर ब्लॉगचा पत्ता टाकू का?'

आता काय करायचं ते. डोमेन स्वतः घ्या. स्वतःच्या कार्डानं, स्वतःच्या नावानं, आणि ज्या ईमेलचा पासवर्ड एजन्सीला ठाऊक नाही अशा ईमेलवर. वर्षाचा खर्च कंपनीगणिक कमी-जास्त, पण फार नाही. ईमेल त्याच डोमेनवरचं ठेवू नका, डोमेन बंद पडलं की सूचनाही बंद. पैसे असतील तर एकदम पाच वर्षांचं भरून टाका. एजन्सीनं आधीच घेतलं असेल तर आजच ऑथ कोड मागा. नाव दुसरीकडे हलवायची ती किल्ली. नोंदणीकृत मालकानं मागितली तर डोमेन कंपनीनं ५ दिवसांत द्यावी असा डॉट कॉमचा नियम आहे, पण तुमच्या बाबतीत मालक म्हणून एजन्सीच लागलेली असेल, म्हणून गोडीत असतानाच मागा. नाव नवीन घेतलेलं असेल तर सहसा पहिले ६० दिवस ते हलवता येत नाही. तेवढ्यात निदान मालकाचं नाव आणि ईमेल तरी बदलून घ्या, पण बदल केल्यावर काही ठिकाणी ते ६० दिवस नव्यानं मोजतात, एवढं विचारून घ्या.

हेच गूगलच्या सर्च कन्सोलला (साइट शोधात कशी दिसते ते तिथे कळतं) आणि नकाशावरच्या व्यवसायाच्या नोंदीला लागू आहे. तिथे मालक आणि त्याच्या खालचा (नकाशाच्या नोंदीत व्यवस्थापक, सर्च कन्सोलमध्ये वापरकर्ता) अशा पायऱ्या असतात. मालक तुम्ही, खालच्या पायरीवर ते. उलटं झालेलं मी निदान चार ओळखीच्या लोकांकडे पाहिलंय. आणि महिन्यातून एकदा सगळ्या लेखांची प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवा. आम्ही ते केलं नव्हतं. वेबॅक मशीनवर (जुन्या साइटच्या प्रती जपून ठेवणारी साइट) शोधून शोधून ४३ लेख परत मिळाले, फोटो जवळजवळ सगळे गेले. त्यात आमच्या वडिलांचा कलम बांधतानाचा एक फोटो होता, मूळ प्रत ज्या फोनमध्ये होती तो फोन पाण्यात गेलेला. असो.

एजन्सी सगळ्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. होस्टिंग, साइटची मांडणी, वेग हे त्यांना द्या, खुशाल द्या. पण लेख? ताई, महिन्याला १२ लेख कशाला हवेत? तुम्ही रोज घाणा चालवता, बारा लेखांएवढं नवीन दर महिन्याला तुमच्याकडेही घडत नसेल, तर ज्यानं घाणा पाहिलाच नाही तो कुठून आणणार? आमच्या एजन्सीनं 'आंबा खाण्याचे १० फायदे' छापाचे लेख टाकले होते. एकात होतं की कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवावा म्हणजे सावकाश पिकतो. कच्चा आंबा फ्रिजच्या थंडीत नासतो, साल काळी पडते, नंतर तो धड पिकत नाही. एका बाईंनी आमच्याच ब्लॉगवर वाचून चार डझन फ्रिजमध्ये ठेवले. भरपाई आम्ही दिली, लेख लिहिणाऱ्यानं नाही.

आमचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख कुठला, सांगू? साक्याचा. साका म्हणजे आंबा बाहेरून सोन्यासारखा पिवळा आणि कापला की आत पांढरट, फोपसा, आंबट गर. हापूसचा हा जुना दोष आहे आणि बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. घरात सगळे म्हणत होते, आपल्याच मालाची खोड कशाला लिहायची? मी लिहिली, कापलेल्या फळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की असं फळ निघालं तर फोटो पाठवा, बदलून देऊ. तक्रारी कमी झाल्या, कारण लोकांना कळलं की ही फसवणूक नाही. आणि नवीन माणसं फोनवर म्हणायची, 'तुमचा तो साक्याचा लेख वाचला.' ज्यानं खोड सांगितली त्याच्या चांगल्या मालावरही विश्वास बसतो, हा माझा अनुभव. तुमच्या धंद्यात वेगळं असेल, पण मला नाही वाटत.

म्हणून विषय गिऱ्हाइकांच्या प्रश्नांतून घ्या. दुकानात एक वही ठेवा, गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. तेलाच्या तळाशी गाळ का बसतो? तळताना फेस का येतो? तुमचं तेल पाकिटाच्या तेलाच्या दुप्पट दरानं का? किती महिने टिकतं, डबा उन्हात राहिला तर? दराचा लेख तर पहिला लिहा. एक किलो तेलाला करडई किती लागते, ती काय भावानं घेतली, पेंड कितीला गेली, असा अख्खा हिशोब मांडा. तेलातलं मला कळत नाही, पण असा हिशोब कुणी उघड मांडला असता तर मी तेल त्याच्याकडूनच घेतलं असतं.

एक मात्र जपा. 'करडई तेलानं कोलेस्टेरॉल उतरतं', 'मधुमेहावर रामबाण' असलं काही लिहू नका, व्हॉट्सॲपवर कितीही फिरत असलं तरी. एखादा पदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला २०१८ च्या अन्नपदार्थ जाहिरात नियमांत मनाई आहे, आणि त्याच्या आधीपासून १९५४ चा औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच. तुमचा धंद्याचा ब्लॉग म्हणजे जाहिरातच धरली जाईल, असं धरून चाला. एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक मात्र ठळक टाका.

पत्त्याबद्दल एक किरकोळ सूचना : लेखाचं शीर्षक मराठीत ठेवा, पण लिंक रोमन अक्षरांत आणि छोटी. देवनागरी लिंक पुष्कळदा व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी होते आणि लोक घाबरून उघडत नाहीत. आणि जुनं माहितीपत्रक श्रीलिपीत (छपाईचे जुने मराठी फॉन्ट) असेल तर ते तसंच चिकटवू नका, युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर गूगलला ते अगम्य.

घाईही करू नका. आम्ही आंब्याचे लेख मोहोराच्या दिवसांत टाकतो, म्हणजे मार्चपर्यंत ते शोधात वर आलेले असतात. तुमचा खप दिवाळीला वाढत असेल तर फराळाच्या तेलाचा लेख गणपतीच्या आधी हवा. पहिले सहा महिने कुणी फिरकणार नाही. नवीन नावावर पहिल्याइतके फोन यायला आम्हाला दोन हंगाम गेले.

आज एवढंच करा : आयकॅनच्या (डोमेनांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) लुकअप पानावर तुमचं डोमेन टाकून बघा. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं दिसेल, पण नोंदणी कोणत्या कंपनीकडे आणि मुदत कधी संपते ते दिसेल. मग त्या कंपनीच्या साइटवर तुमच्या ईमेलनं लॉगिन करून डोमेनचं खातं उघडतंय का पाहा. उघडलं तर उत्तम. नाही उघडलं तर छापखान्याला फोन करा आणि लेबलं दोन दिवस थांबवा. तोवर पत्त्याऐवजी फोन नंबर छापला तरी तेल विकलं जाईल.