सीमेवर पहारा नक्की कोणाचा?

प्रश्न : बातम्यांमध्ये सीमेवर कधी आर्मी म्हणतात, कधी बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), कधी आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस). नक्की कोण असतं तिथे? आणि बीएसएफ १९६५ ला निघाली म्हणे, मग त्याआधी काय मोकळंच होतं का सगळं?

उत्तर : मोकळं नव्हतं हो, पण जवळपास तसंच म्हणा. पाकिस्तानच्या सीमेवर तेव्हा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस असायचे, म्हणजे प्रत्येक राज्याची ट्रेनिंग वेगळी, हत्यारं वेगळी आणि वरचा साहेबही वेगळा. मग ९ एप्रिल १९६५ ला पाकिस्तानी फौजेने कच्छच्या रणात सरदार पोस्टवर हल्ला केला, तिथे सीआरपीएफ आणि गुजरातच्या एसआरपीचे (राज्य राखीव पोलीस) जवान होते, ते जिवावर उदार होऊन लढले पण समोर खरी आर्मी, हे पोलीस, त्यामुळे दिल्लीला कळलं की असं चालणार नाही. १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!

बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येते, संरक्षण खात्याखाली नाही. शांततेत पहारा, घुसखोरी आणि स्मगलिंग रोखणं हे त्यांचं काम, पण एलओसीवर, म्हणजे काश्मीरमधल्या नियंत्रण रेषेवर, सूत्रं आर्मीकडे. कारगिलनंतर एका सीमेला एकच फोर्स असं ठरलं, म्हणून पाकिस्तान-बांगलादेशला बीएसएफ, चीनला आयटीबीपी (ही १९६२ च्या युद्धातच निघाली), नेपाळ-भूतानला एसएसबी (सशस्त्र सीमा बल), म्यानमारला आसाम रायफल्स. चीनकडे आर्मीही असतेच, त्यामुळे 'एकच' हे कागदावर जास्त, असं माझं मत.

प्रत्यक्ष काम बीओपी म्हणजे चौकीवरून चालतं. नाके, टॉवर, तारेला लागून गस्त. राजस्थानात तारेलगत वाळूचा पट्टा ओढून सपाट करतात, आणि नंतर जवान त्यावर पावलं उमटलीत का बघत जातात, याला तिथे खुरा चेकिंग म्हणतात. वाकून बघायचं, पाऊल कुठल्या बाजूला गेलंय, माणसाचं की जनावराचं, ताजं की जुनं. कॅमेरे आले तरी हे चालूच आहे. कच्छ-बनासकांठ्यात माग काढणाऱ्यांना पगी म्हणतात, त्यातले रणछोड पगी १९६५ आणि ७१ ला आर्मीच्या एवढे कामी आले की बीएसएफने एका चौकीला त्यांचं नाव दिलंय.