शनिवारचा डबा आणि आईचा वाटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरत होती: हातात पैसे मोजके असताना घरात सुख कसं राखायचं? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. थोडी कापून छोटी केली आहेत आणि नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

काकू, नवरा यंत्रमागावर कामाला आहे, मी घरी शिलाई करते. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. शेजारी दर आठवड्याला बाहेरून काहीतरी खायला मागवतात. आमची मुलं म्हणतात, आपल्या घरी कधी मजाच नसते. ऐकून जीव तुटतो. काय करू?
— एक आई, इचलकरंजी

शेजारच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस पक्का ठाऊक आहे. त्या दिवशी घरात काहीतरी येणार असतं आणि त्याची वाट बघण्यातच निम्मी मजा असते. तुझ्या मुलांकडे असा दिवस नाही. आधी त्यांना तो दिवस दे, काय खायचं ते मग ठरवू.

आमच्या घरी शनिवार होता. सकाळची शाळा सुटून आम्ही घरी आलो की जेवणं व्हायची आणि दुपारी आई एक झाकलेला डबा मधोमध आणून ठेवायची. हादग्याची खिरापत ओळखतात तसा तो ओळखायचा. गोड की तिखट? कोरडं की ओलं? डबा हलवून आवाज ऐकायला परवानगी होती, वास घ्यायला नव्हती. आत बहुतेक वेळा भडंग असायचं. आवाजावरून ते कळायचंही, तरी लाडू, वड्या, शंकरपाळी अशी सगळी नावं घेऊन झाल्यावरच आम्ही भडंगावर यायचो. आई शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, तिलाही तो खेळ आमच्याइतकाच हवा असायचा.

भडंग तुमच्या भागातलंच, तुला येत असणार. तरी आईची रीत सांगते. पाव किलो जाड चुरमुरे उन्हात चांगले तापवून घे, ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर. अर्धी वाटी तेल तापवून त्यात वाटीभर शेंगदाणे तळून बाजूला काढ. त्याच तेलात लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या सालीसकट ठेचून टाक आणि पार कुरकुरीत होऊ दे. लसूण ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळं भडंग मऊ पडतं. मग कढीपत्ता. गॅस बंद करून, तेल जरा निवल्यावर हळद, तिखट, मीठ घाल, म्हणजे तिखट जळत नाही आणि रंग लाल राहतो. चुरमुरे टाकून खालीवर कर, गार झाल्यावर चमचाभर पिठीसाखर आणि तळलेले दाणे. चौघांना शनिवारी पोटभर होऊन रविवारच्या चहालाही उरतं.

दर शनिवारी भडंगच हवं असं नाही. ऋतूप्रमाणे डबा बदलू दे. दिवाळीनंतर तुमच्या आसपास गुऱ्हाळं सुरू होतात. तिथून ताजी काकवी आण आणि गरम भाकरीवर तूप सोडून तिच्यासोबत दे. उन्हाळ्यात कुरडया घालशील तेव्हा गव्हाचा चीक शिजत असतानाच मुलांना वाट्या घेऊन बोलाव. कोणाला तो दूध-साखर घालून आवडतो, कोणाला तेल-मीठ घालून. कुरडया वर्षभर पुरतात, पण तो ऊन ऊन चीक फक्त त्या सकाळी मिळतो. मुलांना ते बरोबर कळतं. कोजागिरीला दूध गच्चीवरच प्यायचं. थंडीत ओला हरभरा भाजून सगळ्यांनी एका परातीभोवती बसायचं. उरलेल्या शनिवारी गूळ-तुपात कुस्करलेला पोळीचा लाडूही चालेल, पण तोही झाकलेल्या डब्यातूनच येऊ दे.

खाऊ साधा झाला तरी चालेल, कमी झाला तरी चालेल. ठरलेला वार मात्र चुकवू नकोस. शिलाईची घाई असेल त्या शनिवारी नुसते फुटाणे-गूळ ठेव, पण डबा ठेव.

आणि पिझ्झा. तोही त्यांना वर्षातून दोनदा, ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला मिळायला हवा. घरचंच किती चांगलं यावर त्या दिवशी एक शब्दही बोलू नकोस. हौसेनं मागवलेल्या वस्तूवर उपदेश झाला की ती वस्तू तोंडात कडू होते.

पत्रात तू मुलांचं लिहिलंस, नवऱ्याचं लिहिलंस. शनिवारी डबा उघडल्यावर वाट्या चार भर. चौथी वाटी तुझी आहे आणि ती मुलांच्या बरोबरीनं बसून, शिलाई मशीनपासून लांब जाऊन खायची आहे.

घरी तूप कढवणं खरंच परवडतं का? की विकतचं आणलेलं बरं?
— एक गृहिणी, सातारा

कोणतं दूध घेता त्यावर आहे. पिशवीवर टोन्ड लिहिलेलं असेल तर त्यात स्निग्धांश 3 टक्के. त्यावर साय धरते ती पापडासारखी, तुपाच्या मागे लागू नका. फुल क्रीम पिशवीत 6 टक्के असतो, गवळ्याच्या निर्भेळ म्हशीच्या दुधात साधारण तितका किंवा जास्त. म्हणजे लिटरभर दुधात जवळजवळ 60 ग्रॅम. सगळा काही वर येत नाही, पण दूध मंद आचेवर तापवून, न हलवता गार करून मग फ्रीजमध्ये ठेवलं तर सायीचा चांगला जाड थर उचलता येतो. दूध होमोजिनाइज्ड असेल तर स्निग्धांशाचे कण आधीच बारीक करून दुधात मिसळलेले असतात, त्यावर मनासारखी साय येत नाही. त्या दुधाला दोष देऊ नका, ते चहाला वापरा.

पण नुसता तुपाचा हिशेब मांडलात तर गणित अर्धंच राहतं. साय विरजून लोणी काढलं की ताक मिळतं, त्याची कढी होते. तूप गाळल्यावर पातेल्यात बेरी राहते. ती गरम असतानाच त्यात चमचाभर साखर घालून घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात पातेलं द्यायचं, सोबत पोळीचा तुकडा. आमच्याकडे बेरीचे नंबर लागायचे आणि कोणाचा नंबर कधी ते आई विसरायची नाही. धाकटी भावंडं भांडली तर उरलेली बेरी कणकेत मळून तिच्या पोळ्या व्हायच्या. त्या खुसखुशीत पोळ्यांवर सगळ्यांचाच हक्क. बेरीची चव दुकानातल्या बरणीत मिळत नाही, म्हणून माझं मत घरी कढवण्याच्या बाजूनं आहे.

गॅस सिलिंडर महिनाभरही पुरत नाही. कडधान्यं कमी करावीत का?
— एक वाचक, मिरज

कडधान्यं मुळीच कमी करू नका. रात्रभर भिजवा, कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आत दाब एकदा धरला की तापमान साधारण 120 अंशांवर टिकतं. पुढे आच मोठी ठेवली तर आतलं अन्न काही लवकर शिजत नाही, जास्तीची वाफ शिटीतून निघून जाते आणि पैसे तिच्यासोबत जातात. गॅस बंद केल्यावर झाकण उघडायची घाई करू नका, उरलेलं शिजणं त्या वाफेत होतं.

आईच्या सुती साड्या माझ्याकडे आहेत. ती गेल्या वर्षी गेली. त्यांची गोधडी शिवावी असं मनात आहे, पण कात्री चालवायला हात धजत नाही. आणि शिवणकामही जेमतेम येतं.
— एक लेक, पुणे

बाळा, सगळ्या साड्या नको घेऊस. जी बघितल्यावर आई डोळ्यांपुढे उभी राहते ती तशीच घडी करून कपाटात राहू दे. ज्या रोजच्या होत्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, त्या घे. गोधडीला त्याच लागतात. नवं कापड कितीही भारी असलं तरी अंगाला लागतं.

आता कापण्याचं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. तिचे तीन सारखे तुकडे केले की लहान मुलाच्या गोधडीचे तीन थर एकाच साडीत निघतात. पहिली गोधडी एवढीच कर. मोठ्या माणसाची हवी असेल तर दोन तुकडे लांबीला लांबी जोडून एक थर होतो, म्हणजे साड्या जास्त लागतील. आईची नऊवारी असेल तर एकीतच मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात.

जरीचे काठ काढून टाक, ते टोचतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टर आत घालू नकोस. घाम टिपत नाही आणि थर एकमेकांवरून सरकतात. साड्या आधी धुऊन, कडक वाळवून, इस्त्री करून घे. मग जमिनीवर थर एकावर एक अंथर, कोपऱ्यांवर वजन ठेव आणि वीतभर अंतरानं लांब लांब टाके घालून सगळं टाचून घे. हे टाचणंच नीट झालं पाहिजे, नाहीतर पुढे आत सुरकुत्या राहतात. त्यानंतर जाड सुती दोऱ्यानं साधा धावदोरा, कडेनं सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत. ओळींमध्ये दोन बोटं अंतर. टाके वाकडे आले तर येऊ देत. कोल्हापूरच्या आमच्या जुन्या घरातली कोणतीच गोधडी सरळ टाक्यांची नव्हती आणि प्रत्येक ओळीवरून ती कोणी शिवली ते ओळखू यायचं. आत्याचे टाके बारीक, आजीचे लांब, मध्येच एखादी ओळ आम्हा पोरींची.

एकटीनं शिवू नकोस. बहीण असेल, मावशी असेल, तर तिला दुपारी बोलाव. आईबद्दल बोलणं होईल, रडणंही होईल, आणि हात चालू राहिले की दोन्ही सोपं जातं.

मी नोकरीसाठी दुबईत असतो. आई कोल्हापुरात, वय 68. आयुष्यभर काटकसर केली. आता पैसे पाठवतो तर बँकेत ठेवते, साडी पाठवली तर कपाटात ठेवते, अजूनही आधी शिळं खाते. तिला सुख द्यायचं आहे, ती घेतच नाही.
— एक मुलगा

ठेवून देता येतील अशा वस्तू पाठवणं थांबव. तुझ्या आईच्या पिढीनं ठेवण्यातच शहाणपण मानलं, आता या वयात ते कोणी बदलू नये. तिला असं काहीतरी दे जे त्याच दिवशी संपतं. ओळखीच्या फुलवालीला महिन्याचे पैसे देऊन ठेव, दर शुक्रवारी गजरा दारात आला पाहिजे. परत पाठवता येत नाही म्हटल्यावर ती माळेल.

तिच्या मैत्रिणी आहेत का ते विचार. 17 मार्च 2023 पासून एसटीत राज्याच्या हद्दीत महिलांना अर्धं तिकीट आहे. नृसिंहवाडी तुमच्या कोल्हापुराहून फार लांब नाही. दोघी-तिघी सकाळी निघाल्या, दर्शन झालं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घटकाभर बसल्या, बासुंदी खाल्ली की संध्याकाळी दिवेलागणीला घरी. अर्धं तिकीट आहे हे तिला आवर्जून सांग. काटकसरी बाईला निम्म्या पैशात केलेला प्रवास दुप्पट गोड लागतो. वाचायची आवड असेल तर करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भर. 1850 सालापासूनचं ग्रंथालय आहे. पुस्तक घरी आलं की ते परत करायची तारीख असते, त्यामुळे तेही तिला कपाटात ठेवून देता येणार नाही.

शिळ्या अन्नाचं मला सगळ्यात जास्त लागलं. घरी पोळ्या करायला बाई येत असतील तर त्यांच्याशी तू स्वतः फोनवर बोल. पहिली भाकरी तव्यावरून थेट आईच्या ताटात, आणि ती बसल्याशिवाय पीठ परातीत घ्यायचं नाही, एवढंच सांग. बाई नसतील आणि ती स्वतःच करत असेल, तर तिच्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल लाव, तूही तेव्हा काहीतरी खायला घे. दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे. ती साडेआठला जेवत असेल तर तुझे सात वाजलेले असतील. तुला कामावरून सुटून यायला जमेल अशी वेळ आहे. ताटात काय आहे ते विचार आणि दाखवायला सांग. लेक बघतो आहे म्हटल्यावर ती ताजं वाढून घेईल.