गाठीच्या लाकडातील भेगा : सुरुवातीला एवढे पाहा
लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कोरण्याच्या यंत्रावर, वाडगा करण्यासाठी घेतलेल्या बाभळीच्या गाठीत (खोडावरच्या फुगीर वाढीत) तंतू सर्व दिशांना वळलेले असल्यामुळे बारीक चिरा, अडकलेली साल आणि लहान पोकळ्या असणारच. त्यांना घाबरू नका, वाडग्याचे सौंदर्य बहुधा त्यांतच असते. धोका आरपार गेलेल्या भेगेचा आहे. ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तो तुकडा लेथवर चढवू नका.

नवशिके बहुधा ओली गाठ मराठवाड्याच्या वैशाखातील कोरड्या उन्हात वाळवतात आणि मग ती तडकते; कापलेल्या बाजूंना लगेच मेण लावून ती सावलीत, वाऱ्यापासून दूर ठेवा. दुसरी चूक अधिक गंभीर आहे : भेगेत गोंद भरला की लाकूड एकसंध झाले असे समजून लेथचा वेग वाढवला जातो. वेग कमीच ठेवा, संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावा आणि फिरत्या लाकडाच्या समोर न उभे राहता बाजूला राहा. भेगांत रंगीत भरणी करण्याचा विचार नंतर करता येईल.