पगार किती घटेल ते नंतर, आधी पद कुठलं ते पाहा

प्रश्न: माझं वय ३८. कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही झाली आहे. गेली ९ वर्षं पुण्यात एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात आहे. वर्षाला २२ लाख पगार, हातात महिन्याला १ लाख ५४ हजार. मिस्टर चाकणला आहेत, त्यांच्या हातात ९५ हजार येतात. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ४६ हजार, अजून साधारण १० वर्षं आहे. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ६० हजारांची. राजारामपुरीत सासरचं स्वतःचं घर आहे. सासूबाई एकट्याच असतात, त्यांना शुगर आहे. मुलगी तिसरीत. कंपनीत आता प्रयोग कमी आणि फायलीच जास्त झाल्या आहेत. मला शिकवायचं आहे, स्वतःचा विषय घेऊन काम करायचं आहे. कोल्हापूरजवळच्या एका खासगी विद्यापीठाने महिना ७५ हजारांवर बोलावलं आहे, १५ दिवसांत कळवा म्हणतात. दुसरीकडे मंजूर (सरकारमान्य वेतनश्रेणीच्या) पदावरच्या सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीला अर्ज केला आहे, पण मुलाखतीची तारीख अजून नाही. माझ्या नावावर ३ शोधनिबंध आणि कंपनीकडून २ पेटंट आहेत. खासगी विद्यापीठाच्या पत्राचा फोटो सोबत पाठवते आहे. घरात सगळे म्हणतात, पगार निम्मा होणार. राजीनामा देऊ का?

उत्तर: ताई, त्या खासगी विद्यापीठाच्या पत्रावर राजीनामा देऊ नका. तुम्ही विद्यापीठात जायला मात्र माझी अजिबात ना नाही, उलट तुमच्यासारखी माणसं तिथे यायलाच हवीत. ज्या मुलांना एम.एस्सी.नंतर कंपनीत नेमकं काय चालतं हे कोणी सांगत नाही, त्यांना ९ वर्षं रिअॅक्टरजवळ उभी राहिलेली बाई शिकवणार असेल तर त्या मुलांचं भाग्यच. पण कुठल्या दारातून आत जायचं, यावर तुमची पुढची २२ वर्षं अवलंबून आहेत. घरात चर्चा ‘पगार निम्मा होणार’ एवढ्यावरच अडकलेली दिसते, म्हणून आधी तेच मोजून टाकू.

मंजूर पदावर सहायक प्राध्यापक म्हणून लागलात तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १० (वेतनाची पायरी), मूळ वेतन ५७,७००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ३१,७३५. घरभाड्यासाठी शहरांचे जे वर्ग केले आहेत त्यांत कोल्हापूर वाय वर्गात येतं, म्हणून घरभाडे भत्ता २० टक्क्यांनी ११,५४०. एकूण लाखाच्या थोडं वर. त्यातून एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, १० टक्के वजा जातील. आयकर मात्र शून्य, कारण २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर बसत नाही. हातात साधारण ९२ हजार पडतील. आज तुम्ही वर्षाला जवळजवळ २ लाख ४० हजार नुसता आयकर भरता, तो सगळा वाचतो. म्हणून ठोकळ पगार २२ लाखांवरून १२ लाखांवर आला तरी हातातला पैसा निम्म्यावर येत नाही.

आणखी एक गोष्ट. आज तुमच्या पीएफमध्ये तुमचे ९ हजार आणि कंपनीचे ९ हजार, असे १८ हजार जमतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे एनपीएस लागू झालं तर तुमचे १० टक्के आणि मालकाचे १४ टक्के मिळून महिन्याला २१ हजारांच्या वर जमा होतील. म्हणजे पगार घटूनही म्हातारपणाची तरतूद वाढते. मात्र ‘सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन’ असं सासूबाईंना सांगून ठेवू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. एनपीएसचा पैसा बाजारावर चालतो, तेवढाच धरून हिशोब करा.

आता त्या ७५ हजारांच्या पत्राकडे येऊ. तुम्ही पाठवलेला फोटो मी दोनदा वाचला. त्यात ‘एकत्रित मानधन’ असं लिहिलं आहे, ‘११ महिन्यांकरिता’ आणि ‘कामगिरी पाहून पुढील नियुक्तीचा विचार’. वेतनश्रेणीचा उल्लेख नाही, पीएफचा नाही, एनपीएसचा नाही, वैद्यकीय सोयीचा नाही. ९२ आणि ७५ मध्ये १७ हजारांचाच फरक दिसतो, पण एनपीएसचे २१ हजार मिळवले की तो ३८ हजारांवर जातो. ११ महिन्यांनी काय, याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नाही. ते पत्र देणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. खासगी संस्थांत अशा नेमणुका सर्रास होतात. पण १० वर्षांचा गृहकर्जाचा हप्ता ११ महिन्यांच्या कागदावर टांगू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ती गोष्ट. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे.

सहायक प्राध्यापक म्हणून आत गेलात की पुढची चढण ‘कॅस’ने, म्हणजे स्थाननिश्चितीने होते: ठरावीक वर्षं झाली की त्याच नोकरीत वरची लेव्हल मिळते. पीएच.डी. असलेल्याला ४ वर्षांनी लेव्हल ११, पुढे ५ वर्षांनी १२, त्यापुढे ३ वर्षांनी १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक. सगळं वेळेवर झालं तरी १२ वर्षं. तोवर तुमचं वय ५० असेल. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकाची थेट भरतीही आहे, आणि तिथे ८ वर्षांचा अनुभव मागताना विद्यापीठ आणि मान्यताप्राप्त संशोधन संस्था यांच्या जोडीने उद्योगातला अनुभवही धरला आहे. अट एवढीच की तो सहायक प्राध्यापकाच्या तोडीच्या पदावरचा संशोधनाचा अनुभव असावा. सोबत पीएच.डी., किमान ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण (निबंध, पेटंट अशा कामांना मिळणारे गुण) लागतात.

त्या पदाचं मूळ वेतन १,३१,४००. वरच्याच हिशोबाने भत्ते धरले तर महिन्याला सुमारे २ लाख ३० हजार होतात. कर आणि एनपीएस वजा जाऊन हातात पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या आजच्या पगारापेक्षाही जास्त, तेही कोल्हापुरात, स्वतःच्या घरात राहून. तुमचं वर्षांचं गणित जुळतंय, अडतंय ते ४ शोधनिबंधांवर. पेटंटला संशोधन गुण मिळतात, पण ७ निबंधांच्या जागी पेटंट चालत नाही.

हे ४ निबंध कंपनीत राहूनही होऊ शकतात. पेटंटचा अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, आणि त्यात जे रसायनशास्त्र उघड झालं ते मग गुपित राहत नाही. तुमच्या दोन्ही पेटंटांतल्या कामावर निबंध लिहायला कंपनीच्या विधी विभागाकडे लेखी परवानगी मागा. नव्या कामापेक्षा अशा कामाला होकार लवकर मिळतो. परवानगीशिवाय मात्र एक ओळही बाहेर देऊ नका, गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावरही तुमच्या मागे राहतो. दुसरी वाट म्हणजे पीएच.डी.च्या वहीत पडून राहिलेले प्रयोग. तुमच्या जुन्या गाइडना फोन करा. सगळ्यांच्याच प्रबंधात न छापलेलं एखादं प्रकरण उरलेलं असतं.

आणि अनुभवाचा दाखला आजच नीट करून घ्या. कंपन्यांचे दाखले बहुधा दोन ओळींचे असतात: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होत्या, वर्तणूक चांगली. छाननी समितीपुढे असा कागद टिकत नाही. त्यात पदनाम, वर्षागणिक वेतन, काम संशोधनाचंच होतं हे आणि हाताखाली किती जण होते ते यायला हवं. तुम्ही कंपनीत असताना एचआर हे आनंदाने देईल, राजीनाम्यानंतर त्यासाठी हेलपाटे घालावे लागतील.

सहयोगी पदाच्या जागा थोड्या असतात, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार जागा ठरवणाऱ्या यादीत) तुमच्या विषयाची जागा कधी येईल ते कोणाच्याच हातात नाही, आणि जाहिरात निघाली म्हणजे ऑर्डर हातात आली असंही नाही. म्हणून ज्या मंजूर पदाला अर्ज केला आहे त्याची मुलाखत जरूर द्या, आणि निवड झाली तर लेव्हल १० वरही जा. तिथे बसूनही पुढे थेट भरतीला अर्ज करता येतो, आणि निबंध लिहायला प्रयोगशाळा व विद्यार्थी दोन्ही मिळतील. एएनआरएफसारख्या, संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेकडून प्रकल्प मिळाला तर त्या पैशांतून रसायनं येतील, उपकरणं येतील, प्रकल्पातल्या मुलाची फेलोशिप निघेल. तुमच्या घरखर्चात तो पैसा धरू नका.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’बद्दल, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांना मुदतीवर नेमायच्या प्राध्यापकपदाबद्दल, कोणी सुचवलं तर तो मार्ग सध्या तुमचा नाही. त्याला १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं.

९२ हजारांवर घर चालेल का? चालेल, पण एका अटीवर: मिस्टरांनी त्याच वर्षी नोकरी बदलायची नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये त्यांना काम मिळेल, पण चाकणचा आकडा मिळेलच असं नाही. एका वर्षात दोन्ही पगार उतरले तर तुम्ही दोघं एकमेकांना दोष द्यायला लागाल, आणि मग विद्यापीठच नकोसं होईल. पहिलं वर्षभर ते पुण्यात, तुम्ही मुलीला घेऊन राजारामपुरीत. दोघांचे मिळून १ लाख ८७ हजार. हप्ता ४६, त्यांचा पुण्यातला खर्च ३०, कोल्हापूरचं घर आणि शाळा ५५. उरतात ५६ हजार. एसआयपी ६० वरून ४० वर आणा, बंद करू नका. उरलेले १६ हजार येण्या-जाण्याला आणि विम्याच्या हप्त्याला जातील. मिस्टर कोल्हापूरला आले की फ्लॅट भाड्याने द्या. तुम्ही सांगता त्याप्रमाणे २४ हजार भाडं येईल. फ्लॅट ठेवायचा की विकायचा ते तेव्हा पाहू, आज त्यावर वाद नको.

ग्रॅच्युइटी सोडू नका. ७५ हजार बेसिक आणि ९ वर्षं म्हणजे साधारण ३ लाख ९० हजार होतात. ते गृहकर्जात न भरता बँकेत ठेवा, रुजू झाल्यावर पहिला पगार निघायला वेळ लागतो. पीएफ काढू नका. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो एवढं लक्षात ठेवा. पीएफ एनपीएसमध्ये वळवता येतो, पण त्याची घाई नाही.

सासूबाईंचा विमा मात्र राजीनाम्याच्या आधी. कंपनीच्या गट विम्यात त्या आहेत तोवरच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जायची मागणी करा. कंपनी सुटल्यावर नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या शुगरसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. या वयात ती ३ वर्षं फार महाग पडतील.

त्या खासगी विद्यापीठाला १५ दिवस संपायच्या आत उत्तर द्या, तोडून टाकू नका. पूर्णवेळ आत्ता जमणार नाही, पण कंपनीची लेखी परवानगी काढून महिन्यातून एक-दोन शनिवार अतिथी व्याख्याती म्हणून येईन, असं कळवा. औषधनिर्मितीतली प्रक्रिया शिकवणारं माणूस त्यांना हवंच आहे, आणि वर्गात उभं राहणं आपल्याला खरंच आवडतं का, हे तुम्हालाही पगार न गमावता कळेल.