दात पडला, आता पळायचं कुठं?

प्रश्न: डॉक्टर, सोलापूरच्या होम मैदानावर क्रिकेट खेळताना माझ्या 10 वर्षांच्या पोराचा पुढचा दात मुळासकट निघाला ओ, त्यात रविवार, दवाखान्याला कुलूप. सासूबाईंनी दात घासून हळदीत ठेवला. चुकलं का?

उत्तर: हो ताई, घासायचा नव्हता, मुळावरचा नाजूक पापुद्रा जातो मग दात धरत नाही. पांढऱ्या भागाला धरून नळाखाली 10 सेकंद धुवायचा आणि तिथंच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा, नाहीच जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठायचा. (दुधाचा दात मात्र बसवू नका.) सगळं बंद असलं तर सरळ सिव्हिल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), आणि चक्कर, उलटी असेल तर दात राहू दे, आधी 108 ला फोन.